मिळालं का ते सांगा

आमच्या सरांना चहा सांगायला दीड मिनिट लागायचं. विश्रामबागेतल्या आमच्या कॉम्प्युटर क्लासच्या खाली एका मावशींची टपरी होती. सर वरच्या गॅलरीतून वाकून म्हणायचे, "मावशी, दोन चहा, एक बिनसाखरेचा. मिळालं?" मावशींनी मान हलवली तर चालायचं नाही. हात वर केला तरी चालायचं नाही. "काय मिळालं ते सांगा," असं सर वरून ओरडायचे, आणि मावशी स्टोव्हला पंप मारत, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "दोन च्या, एक बिनसाखरंचा! मिळालं, मिळालं, मिळालं! आता जावा आत!" स्टँडवरचे रिक्षावाले हसायचे. सर समाधानाने आत येऊन बसायचे.

सर सैन्यात सिग्नल्समध्ये हवालदार होते. निरोप पाठवायचा, निरोप घ्यायचा, आणि घेतलेला निरोप शब्दन् शब्द परत म्हणून दाखवायचा, यात त्यांची सतरा वर्षं गेली. पेन्शनीत आले ते गाव सोडून सांगलीला, कारण काकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची, शाळेतली नोकरी इथे होती. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. ज्याला त्याला पोरं कॉम्प्युटर शिकलेली हवी होती आणि शिकवणाऱ्यालाही फारसं येत नसलं तरी खपून जायचं. सरांना मात्र खरंच येत होतं. मी डिप्लोमा करून नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी माझी मार्कशीट उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "मॅडम, सोमवारी सकाळी आठ वाजता, किल्ली काकूंकडून घ्यायची, आधी पंखा, मग मशीन. परत सांगा." मी सांगितलं. "नोकरी तुमची," म्हणाले.

पहिला महिना मला त्यांचा भयंकर राग यायचा. मी काय लहान बाळ आहे का, असं वाटायचं. फोनवर बोलतानाही तेच. समोरच्याने सगळं परत म्हटल्याशिवाय हे रिसीव्हर ठेवत नसत, आणि लोक कंटाळून आधी ठेवायचे, मग हे पुन्हा फिरवायचे. काकू सांगायच्या, "आवं, लग्नात वचन म्हणताना मी जरा हळू बोलले, तर हे भर मांडवात म्हणतात कसे, परत एकदा, स्पष्ट! भंतेजीसुद्धा हसले." तर असे आमचे सर. दोन महिन्यांनी मी घरी आईला "काय काय आणायचंय ते परत सांग" म्हणाले, आणि आईने लाटणं उगारलं, तेव्हा कळलं की लागण झाली.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "पोचणं येगळं, मिळणं येगळं." विद्यार्थ्याने फी भरली नाही, प्रिंटरने कागद गिळला, एस.टी. चुकली, कशावरही हे वाक्य लागू पडायचं. मला ते नुसतं तऱ्हेवाईकपणाचं वाटायचं.

संध्याकाळची बॅच सुटली की सर एका कोपऱ्यातल्या मशीनवर स्वतःचं काम काढायचे. ते काम म्हणजे पेटी. मशीनमध्ये त्यांनी एका जुन्या हार्मोनियमचा सूर न् सूर एकेक करून भरून ठेवला होता. कळ दाबली की स्पीकरमधून तीच पेटी वाजायची, भात्याच्या सुस्काऱ्यासकट. सूर धरायचा, धृपदाची चाल वाजवायची, एवढंच तिला येत होतं. पण पट्टी बदलायची झाली तर एक कळ पुरे. खरा पेटीवाला पट्टी बदलताना सगळी बोटं बदलतो, इथे एका झटक्यात अख्खी चाल खाली किंवा वर.

"कुणासाठी हे?" मी एकदा विचारलं.

"दादांसाठी."

दादा म्हणजे त्यांचे वडील. पाटणच्या पलीकडे, कोयनेच्या अंगाला त्यांचं गाव. दादा आंबेडकरी जलशाचे शाहीर. तरुणपणी पांढरी चारमध्ये गायचे, म्हणजे पुरुषाच्या गळ्याला चांगलंच उंच, आणि भोंग्याशिवाय पार नदीपर्यंत ऐकू जायचे असं गावातली जुनी माणसं शपथेवर सांगत. वयाबरोबर गळा उतरत काळी दोनवर आला. अलीकडे गाणं सुरू काळी दोनमध्ये व्हायचं, पण मध्येच कुठेतरी आवाज एक पायरी खाली सरकायचा. ते कुणाच्या ध्यानात यायचं नाही, कारण साथीला त्यांचा चुलतभाऊ तात्या असायचा. दादांचा गळा सरकला की तात्याची पेटी सरकायची. मग तात्या गेला. पुढच्या जयंतीला कऱ्हाडहून एक चांगला पेटीवाला आणला. दुसऱ्या कडव्यात दादा खाली आले आणि पेटी वरच राहिली. दादांनी डफ खाली ठेवला, लोकांना हात जोडले आणि घरी गेले. त्यानंतर त्यांनी डफाला हात लावला नव्हता.

शेजारच्या कुणीतरी विचारलं, यंदा गाणार का? दादा म्हणाले, "तात्याची पेटी असती तर गायलो असतो." बस, एवढंच, आणि तेही दुसऱ्याला.

"हा निरोप हाय, मॅडम," सर मला म्हणाले. "मिळाला म्हणून कळवायचा हाय."

तात्याच्या घरी पेटी होती. उंदरांनी भाता कुरतडलेला. सरांनी त्याला सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले, माईक लावला आणि सगळे सूर एकेक करून मशीनमध्ये भरले. वाजवणारा कुणी नव्हता आणि सरांनाही पेटी येत नव्हती. पण दादांच्या बाजूला उभं राहून लहानपणी त्यांनी झील धरलेली, धृपद मागून उचलून म्हटलेलं. गळ्यावर ताण आला की, म्हणजे आता सरकायच्या आधी, दादांच्या मानेची एक शीर फुगते, हे तात्यानंतर फक्त त्यांना माहीत होतं.

अडचण एवढीच की ती शीर दिसायला सरांना दादांच्या समोर बसायला हवं होतं, आणि पेटीचं मशीन मागे भोंगेवाल्याच्या ॲम्प्लिफायरजवळ. म्हणून दोन मशीनं आणि मध्ये शंभर फूट काळी केबल. समोरच्या मशीनवर कळ दाबायची, निरोप केबलमधून मागच्या मशीनला जाणार आणि पेटी पट्टी बदलणार. सरांनी कुठूनतरी इंटरनेटवरचे कागद छापून आणले होते. परदेशातल्या एका विद्यापीठातली माणसं संगीताचे निरोप असेच नेटवर्कवरून पाठवू लागली होती, आणि नुसते आकडे न पाठवता निरोपावर पोस्टासारखा पत्ता घालत होती. आधी वाद्य, मग वाद्यातली गोष्ट, मग काय करायचं ते. सर त्या कागदांवर बेहद्द खूश. "बघा, पत्ता हाय! ही माणसं सिग्नलवाली असणार," म्हणाले. ते सगळं आमच्या पेटीच्या प्रोग्रॅममध्ये बसवायचं काम माझ्याकडे आलं. फक्त एक गोष्ट त्या कागदांत नव्हती आणि ती सरांना सहन होईना. निरोप मिळाला की नाही, याचा जबाबच यायचा नाही. पाठवला की पाठवला.

"असं कसं?" सर म्हणाले. "जबाब घाला. जबाब येईस्तोवर परत परत पाठवायचं."

मी घातलं. मालक ते, मी नोकर.

जयंतीच्या तीन आठवडे आधी आम्ही तालमीला गेलो. दोन्ही मॉनिटर वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतले होते, सी.पी.यू. पायाशी, केबलचं वेटोळं काकूंच्या गळ्यात. सांगली ते कऱ्हाड, कऱ्हाड ते पाटण, पुढे वडापच्या जीपमध्ये कोंबून. मी जन्मभर सांगलीत राहिले, पण जयंतीची मिरवणूक कायम गॅलरीतून पाहिलेली. वस्तीत, विहाराच्या आवारात जाऊन बसायची ही पहिलीच वेळ, आणि ते मला तिथे बसल्यावर कळलं, याची आजही जरा लाज वाटते.

दादा पंचाहत्तरीचे, काटकुळे, पांढरी पैरण, हातात काठी. सरांनी सगळी यंत्रणा समजावून सांगितली. दादा म्हणाले, "बरं." सरांनी विचारलं, आवाज बरोबर हाय का, तात्याचाच हाय ना? दादा म्हणाले, "बरं." बापलेकांमध्ये तासाभरात बापाकडून एवढाच शब्द आला. काकूंनी मला कोपराने ढोसलं आणि म्हणाल्या, "हे असंच असतंय. इस वर्सं झाली."

पण पेटी वाजली आणि म्हाताऱ्याने डफ उचलला. मी तो आवाज ऐकला नसता तर एवढं सगळं कशासाठी, हे मला कधी कळलं नसतं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात सर पुढे वाकले, शीर दिसली, कळ दाबली. पेटी काळी दोनवरून एक पायरी खाली, पांढरी दोनवर आली, अगदी बरोबर. आणि लगेच काळी एकवर आली. आणि मग पांढरी एकवर. दादांचा आवाज वर एकटाच राहिला, जिना काढून घेतल्यासारखा. त्यांनी डफ खाली ठेवला.

"बरं," म्हणाले आणि घरी गेले.

रात्री एस.टी.ने सांगलीला परत आलो. मी दुसऱ्या दिवशी मागच्या मशीनमधली नोंद उघडली. निरोप पोचला होता. पण मागचं मशीन चाल वाजवण्यात इतकं गुंतलेलं की जबाब द्यायला त्याला उशीर झाला. जबाब नाही म्हणून पुढच्या मशीनने निरोप परत पाठवला, आणि परत एकदा. निरोप होता "एक पायरी खाली." मागच्या आज्ञाधारक मशीनने तो तीनदा पाळला.

"सर, जबाब काढून टाकू," मी म्हणाले. "सूर खाली आला की ऐकूच येतो. तोच जबाब."

"जबाब निघणार न्हाई."

"त्यानेच घोटाळा झाला!"

"निघणार न्हाई म्हटलं की!" पहिल्यांदाच ते माझ्यावर ओरडले. मग खुर्ची ओढून बसले आणि ज्या आवाजात वेळापत्रक सांगायचे त्याच आवाजात म्हणाले, "आई गेली तवा दादांनी तार केली. मी वर डोंगरात चौकीवर. तार खाली हेडक्वार्टरला पोचली. बाबूनं रजिस्टरात आली म्हणून लिवलं, खणात ठिवली. वर कुणी कळवलं न्हाई. सगळ्या पलटणीच्या तारा माझ्या हातनं जायच्या, मॅडम, आन माझी अकरा दिवस खणात. मी उतरलो, गावाला गेलो, दादांना सांगितलं, तार मिळाली न्हवती. दादा म्हणाले, बरं." "बरं म्हंजी जबाब न्हवं. बरं म्हंजी पोचलं. मिळालं का न्हाई, ते मला अजून ठावं न्हाई."

मी त्या दिवशी लवकर घरी गेले. त्यांच्या त्या एका वाक्याला मी दोन वर्षं हसत आले होते, ते आठवून मला रडू आलं.

आठ दिवस आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतं बोललो. जयंती जवळ आली. दादांनी निरोप पाठवला नाही, आम्हीही नाही. आणि मग एका दुपारी माझे मामा क्लासवर आले. आमचे दोन चहा टेबलावर आलेच होते. सर गॅलरीत गेले, मावशींना म्हणाले, "मावशी, अजून एक चहा. मिळालं?" मावशी दूध ओतत होत्या, बोलल्या नाहीत. सर परत म्हणाले, "अजून एक चहा!" मावशी तरी गप्प. सर तिसऱ्यांदा. थोड्या वेळाने मावशी जिना चढून आल्या, आणखी तीन कप घेऊन.

"तीन कशाला?" सर म्हणाले.

"तुमीच म्हणला की, अजून एक, अजून एक, अजून एक! माझं हात दुधात. जबाब कुठनं देऊ?" मावशी म्हणाल्या. "त्यापरीस सरळ म्हणावं, टेबलावर समदं मिळून तीन कप पायजेत. मंग शंभर येळा वराडला तरी तीनच हुतील की ओ!"

मी सरांकडे पाहिलं. सर मावशींकडे पाहत होते. मामांना कुणी चहा घ्या म्हटलं नाही, ते बिचारे आपणच घेऊन प्यायले.

"सर," मी म्हणाले, "एक पायरी खाली, असं सांगायचंच नाही. पांढरी दोन, असं सांगायचं. पेटी, पट्टी, पांढरी दोन. मग तीनदा सांगा, दहादा सांगा, पेटी पांढरी दोनवरच राहणार."

"आन जबाब?"

"जबाब नाही. पण तुम्ही पाहिजे तितक्या वेळा सांगत राहा."

सरांनी कपातली साय बोटाने बाजूला केली. मग म्हणाले, "न कळता सांगत ऱ्हायचं."

"हो."

"अवघड हाय," म्हणाले, आणि मग स्वतःच कळफलकावर बसून जबाबाच्या ओळी एकेक करून पुसल्या. ते करताना मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. मावशींना मात्र त्या दिवसापासून त्यांनी नुसत्या मानेवर सोडलं.

जयंतीच्या दिवशी आम्ही पुन्हा वाकळ, मॉनिटर आणि केबल घेऊन हजर. दादा येणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. निळे झेंडे लागले होते, बायका नव्या पांढऱ्या साड्या नेसून आवारात बसल्या होत्या, भोंगेवाला "हॅलो हॅलो" करून दमला होता. सरांनी मागचं मशीन सुरू केलं आणि काही न बोलता पेटीचा सूर धरून ठेवला. काळी दोन. तो तात्याचा सूर वस्तीवर नुसता पसरून राहिला, पाच मिनिटं, दहा मिनिटं. लोक एकमेकांकडे बघू लागले. मग गल्लीतून काठी टेकत दादा आले. काठी काकूंच्या हातात दिली आणि डफ मागितला.

दुसऱ्या कडव्यात सरांनी कळ दाबली. पडद्यावर काही उमटलं नाही, कारण उमटण्यासारखं आम्ही काही ठेवलंच नव्हतं. पेटी पांढरी दोनवर आली आणि तिथेच राहिली. सर कळ दाबत होते, परत दाबत होते, आणि पेटी ढळली नाही. दादा त्या सुरावर सुखाने उतरले. चौथ्या कडव्यात काळी एक. समोरच्या बायकांना काही कळलंही नाही. त्यांनी फक्त झील धरली, आणि अख्ख्या आवाराने धरली. गाणं शेवटाला गेलं तेव्हा उजेड अजून होता.

लोक पांगल्यावर आम्ही केबल गुंडाळत होतो. दादा काठी टेकत सरांच्या मशीनपाशी आले.

"ह्यातनं तू सांगतुयास, आन तिकडं पेटी ऐकती?"

"व्हय, दादा."

"तिकडनं जबाब काय येतुय?"

"जबाब न्हाई येत. पयला ठिवला हुता, काढला."

"मंग तुला कळतंय कसं?"

"न्हाई कळत," सर म्हणाले. "सांगत ऱ्हायचं."

दादा तिथेच उभे राहिले. मला वाटलं, आता "बरं" म्हणतील आणि जातील. काकूही हातातली केबल तशीच धरून थांबल्या.

"तुज्या आईच्या टायमाला मी तार केली," दादा म्हणाले. "जबाब न्हाई आला, तवा मी काय बी समजून बसलो. चुकलं माजं." मग त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "मिळालं रं. तवाचंबी मिळालं, आन आजचंबी."

आणि सर, ज्यांनी आयुष्यात एकही निरोप परत म्हटल्याशिवाय सोडला नाही, ते एक शब्द बोलू शकले नाहीत. दादा काठी टेकत घरी गेले.

पाटणहून कऱ्हाडला जाणाऱ्या एस.टी.त सर खिडकीशी बसले होते, मांडीवर वाकळेत गुंडाळलेला मॉनिटर. काकू मागच्या बाकावर डोळे पुसत होत्या, मधूनच हसत होत्या. मल्हारपेठ गेलं तसे सर माझ्याकडे वळले.

"मॅडम, दादा काय म्हणाले?"

"मिळालं म्हणाले, सर."

"परत सांगा."

"मिळालं रं. तवाचंबी मिळालं, आन आजचंबी."

त्यांनी मान हलवली. कऱ्हाड येईपर्यंत त्यांनी मला आणखी दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा शब्दन् शब्द सांगितलं.